पहिली ते चौथीचा संगीताचा तास : वर्गातल्या सगळ्या घरांची गाणी कशी आणायची?

फळा_खडू
नमस्कार मंडळी. द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र, पट ३२. निम्म्याहून थोडी जास्त मुलं घरी मराठी बोलतात. बाकीच्यांत तांड्यावरची गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी आहेत, दखनी बोलणारी आहेत आणि दोन अहिराणी बोलणारी. एका मुलीला कानाचं यंत्र आहे. एका मुलाला मोठा आवाज सहन होत नाही. संगीत शिक्षक नाही. आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास मिळतात. सामान : एक हार्मोनियम, दहा लेझीम, चार टाळ, एक ढोलकी (एका बाजूची पुडी फाटलेली).

प्रत्येक घराचं काहीतरी तासात यावं, पण त्याचा स्नेहसंमेलनातला देखावा होऊ नये, असं वाटतं. सुरुवात कुठून करावी? कोणी गाण्यांची यादी देईल का?

ओसरी
यादी मागू नका, सर. बाहेरून यादी आली की "बंजारा : १, मुस्लिम : १, अहिराणी : १" असे रकाने होतात आणि मुलं त्या रकान्यांत जाऊन बसतात. गाणी समाजावरून न लावता प्रसंगावरून लावा. अंगाई, कामाची गाणी, खेळाची गाणी, पावसाची, सणाची. अंगाई म्हटली की तांड्यातली, दखनीतली, अहिराणीतली, मराठीतली सगळी एकाच रांगेत येतात. कोणाचं गाणं "वेगळं" ठरत नाही.

घरी एक चिठ्ठी पाठवा. "तुमच्या समाजाचं गाणं सांगा" असं त्यात चुकूनही लिहू नका. जातीचा दाखला मागितल्यासारखं वाटतं, आणि पालक घरातलं सोडून पुस्तकातलं काहीतरी लिहून पाठवतात. "बाळाला झोपवताना घरात कोण काय म्हणतं?" एवढाच प्रश्न पुरे.

बोरू
वाचतेय. चांगला धागा.

तानपुरा
ओसरी यांच्याशी अर्धा सहमत. गाणी कुठलीही आणा, पण मुलं सुरात गाणारच नसतील तर सगळ्या घरांची गाणी सारखीच बेसूर होतील. आधी पट्टी ठरवा, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते. प्राथमिक शाळांत सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा गळा हार्मोनियमच्या मध्य सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा (सप्तकातली दुसरी ते सहावी पांढरी पट्टी) एवढ्यातच सहज फिरतो. नऊ-दहाव्या वर्षी तो वर तार सप्तकातल्या पांढऱ्या एकपर्यंत जातो. शिक्षिका स्वतःच्या सोयीने खालची काळी चार किंवा काळी पाच धरतात. मग गाण्याची सुरुवात मुलांच्या आवाक्याखाली जाते आणि मुलं बोलल्यासारखी पुटपुटतात. पुरुष शिक्षक मुळातच एक सप्तक खाली गातात. लहान मुलाला ते सप्तकाचं अंतर कळत नाही, तो तोच खालचा सूर काढायला जातो आणि गुरगुरतो. त्याला "बेसूर" म्हणून मागे बसवतात. चूक त्याची नसते, पट्टीची असते.

उपाय : गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर पांढरी दोनवर येईल असा सा धरा. पुरुष शिक्षकाने ओळ स्वतः न गाता सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला गायला सांगावी आणि बाकीच्यांना तिच्यामागून म्हणायला लावावं. मूल मुलाचा आवाज लवकर पकडतं. हार्मोनियम ओळीच्या आधी फक्त सा देण्यापुरती. पूर्ण वेळ वाजवली तर मुलं पेटीवर मात करायला ओरडतात.

हलगीचा_कडकडाट
पट्टीचा मुद्दा मान्य. पण तानपुरा सर, "आधी सूर" हा आग्रह धरला की हलगी, संबळ, ढोल, कैताळ हे सगळं "नंतर बघू" मध्ये जातं, आणि ते नंतर कधीच येत नाही. तालानेही सुरुवात होते. तालात प्रत्येक मूल पहिल्याच दिवशी सामील होऊ शकतं.

वाद्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे वाद्यांनाही जात चिकटवलेली आहे. शाळेत हलगी आली की ती नकळत ठरावीक वस्तीतल्या मुलाच्या हातात दिली जाते, "त्याला येतेच" म्हणून. पेटी मात्र दुसऱ्याच्या हातात जाते. वर्गात हे मोडायला एक साधा नियम आहे : सगळ्यांनी गोल बसायचं, वाद्यं गोलात फिरायची, चार आवर्तनं झाली की पुढच्याकडे. कोणी निवडायचं नाही, कोणी नाकारायचं नाही. ३२ मुलं आणि १५ वाद्यं असतील तर एकाआड एक मूल टाळी धरेल.

दुसरं, हलगी वाजवणाऱ्या कलाकाराला बोलवा तेव्हा तो पाहुणा शिक्षक आहे. खुर्ची, चहा, मानधन आणि "सर" ही हाक तबल्याच्या शिक्षकाला मिळते तशीच. मुलं गाण्यापेक्षा हे आधी टिपतात.

जाताजाता : कातड्याची हलगी पावसाळ्यात सैल पडते, वाजवण्याआधी शेकावी लागते. जुलैमध्ये वर्गात जाळ करण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे ती दिवाळीनंतर घ्या, किंवा फायबरच्या पानाची घ्या. आवाज जरा कोरडा येतो, पण शेकावं लागत नाही.

कानोसा
विशेष शिक्षणाच्या बाजूने लिहिते.

यंत्र लावणाऱ्या मुलीला समोर, पण किंचित बाजूला बसवा. शिक्षकाचं तोंड तिला पूर्ण दिसलं पाहिजे. पेटीमागे मान खाली घालून गाणं शिकवलं तर तिचा अर्धा तास गेला. खिडकी तुमच्या पाठीशी नको, चेहरा काळा दिसतो. टाळ आणि लेझीम एकदम वाजले की यंत्रातून नुसता गोंगाट येतो, म्हणून एका वेळी एकच प्रकारचं वाद्य. कानावर हात किंवा ओढणी आली की यंत्र शिट्टी मारतं. त्यात तिचा दोष नसतो, मुलांना हे आधीच सांगून ठेवा. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) असेल तर लय चांगली कळते, स्वरांचा चढउतार मात्र खूपच अवघड जातो. अशा मुलाला सुरावरून जोखू नका.

कंप हातांना कळतो. फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरून ढोलकीसमोर बसलं की ठेका फुग्यातून जाणवतो. सगळ्या वर्गाला हा खेळ द्या, एकट्या तिला नको.

आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी तीन गोष्टी. दाराजवळची जागा, उठून बाहेर जायची आधीच दिलेली परवानगी, आणि "थांब"ची खूण करण्याचं काम त्याच्याकडे. आवाज कधी थांबणार हे आपल्या हातात आहे एवढ्यानेही त्याची भीती बरीच कमी होते. पत्र्याच्या छपराखाली हलगी किंवा लेझीम नकोच, झाडाखाली घ्या. काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की टोचणारा आवाज मऊ होतो.

ज्याची बोटं नीट मिटत नाहीत त्याला घुंगरू रुंद पट्टीवर शिवून मनगटात बांधून द्या. वेल्क्रो चालतं.

तांडा
दोन सूचना.

एक, बंजारा म्हटलं की लोक होळीची लेंगी शोधतात. लेंगी जोरदार असते, पण तिच्यात थट्टामस्करीच्या ओळी असतात, काही मोठ्यांच्याच. यूट्यूबवरून उचलून थेट वर्गात लावू नका. तांड्यातल्या एखाद्या जाणत्या बाईला विचारा, ती मुलांपुढे म्हणण्यासारख्या ओळी स्वतः निवडून देईल.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. तांड्यावरची बरीच कुटुंबं ऊसतोडीला जात असतील तर दिवाळीच्या सुमारास मुलं निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. वार्षिक नियोजनात त्यांची गाणी "होळी : मार्च" अशी टाकली, तर त्यांचंच गाणं त्यांच्याशिवाय गायलं जाईल. म्हणून तांड्याचं जे काही घ्यायचं ते जून ते सप्टेंबरमध्ये. मधेच दाखल होणाऱ्या मुलांसाठी दर तासाची सुरुवात एकाच ठरावीक तालखेळाने करा. ज्या मुलाला एकही गाणं येत नाही त्यालाही पहिल्या मिनिटापासून त्यात शिरता येतं.

फळा_खडू
@तांडा, हे ध्यानातच आलं नव्हतं. लेंगी मार्चमध्येच धरली होती. बदलतो.

कासाळें
गोव्यातून. एकच वाद्य वेगवेगळ्या घरांत कसं राहतं हे दाखवायचं असेल तर घुमटासारखं उदाहरण नाही. मातीचं, दोन तोंडांचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत आवाज बदलायचा. चवथीला घुमट आरतीत शमेळ (चर्मवाद्य) आणि कासाळ्यांबरोबर (झांजांबरोबर) तेच घुमट, आणि ख्रिस्ती घरात मांडो-दुलपद या कोकणी गाण्यांनाही तेच. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून आता बकरीचं. ही गोष्टही मुलांना सांगा, त्यांना प्राण्याची काळजी आधी वाटते.

वर्गात करून बघायचं तर कुंभाराकडून दोन्ही तोंडं उघडी असलेलं लहान भांडं घ्या. मोठ्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून सुतळीने घट्ट बांधा. मागचं तोंड नसलेल्या साध्या मडक्याला हे केलं तर नुसता ठप्प आवाज येतो आणि मुलं निराश होतात. सगळी गंमत मागच्या तोंडात आहे.

दूरदेशी
अमेरिकेतल्या मराठी शाळांना हाच प्रश्न उलट बाजूने पडतो, पण तिथल्या प्राथमिक शाळांत रुळलेली एक पद्धत इथे उपयोगी पडेल. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड केटमन यांनी मुलांसाठी जी पद्धत बसवली तिच्यात झायलोफोनच्या पट्ट्या काढता येतात. म आणि नी या पट्ट्या काढल्या की सा रे ग प ध उरतात, म्हणजे आपला भूप राग. शेजारी-शेजारी खटकणारे स्वरच राहत नाहीत, त्यामुळे मूल काहीही वाजवलं तरी कानाला बरं लागतं. प्रत्येकाला चार मात्रांचं "आपलं" उत्तर वाजवायला देता येतं. भाषेचा प्रश्न येत नाही, कोणी चुकत नाही.

झायलोफोन नसेल तर पाच काचेच्या बाटल्यांत पाणी भरून करता येईल.

तानपुरा
बाटल्यांबद्दल सावध. बाटलीवर काठी मारली तर पाणी वाढवल्यावर स्वर खाली जातो, तोंडाशी फुंकली तर पाणी वाढवल्यावर स्वर वर जातो. पुष्कळ जण एक ऐकून दुसरं करतात आणि मग सुरावट उलटी लागते. पाणी उडून जातं, म्हणून पातळीवर रंगाची रेघ मारा आणि दर तासाआधी बघा. पाचही बाटल्या एकाच आकाराच्या हव्यात. लाकडी काठीला रबर गुंडाळा, नाहीतर बाटली तडकते.

भूपाचा मुद्दा मात्र उत्तम आहे. हलगीचा_कडकडाट यांचं म्हणणंही मी मान्य करतो. तालाने सुरुवात करा, पट्टी सांभाळा.

नागली
पालघरकडून एक कळकळीची विनंती. "आदिवासी नृत्य" या नावाखाली पानांचे झगे, तोंडाला काळा रंग, हातात भाले आणि अर्थहीन हुंकार, हे कृपया बंद करा. ती कोणत्याही आदिवासी समाजाची भाषा नाही आणि पोशाखही नाही. त्या वर्गात वारली किंवा कातकरी मूल बसलेलं असतं, आणि नसलं तरी ते चूकच आहे.

वारली तारपा घ्यायचा तर त्याची रचना समजून घ्या. सुक्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणाने बंद. न थांबता फुंकावा लागतो, श्वास घेतानाही सूर तुटत नाही. मुलांना ते जमणार नाही, जमावं असा आग्रहही नको. मुलांना जमतं ते ऐकणं. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात, तारपेवाल्यामागून फिरतात, आणि त्याने सुरावट बदलली की पाऊल बदलतात. वर्गात : दोन सुरावटी, दोन पावलं. सुरावट बदलली हे कोणी आधी ओळखतं ते बघा. शिक्षकाने "आता बदला" म्हणायचं नाही. बारा मुलांहून मोठी साखळी करू नका, टोकाची मुलं फेकली जातात आणि पडतात.

बोरू
भाषेबद्दल. घरून आलेलं गाणं प्रमाण मराठीत "दुरुस्त" करू नका. अहिराणीत ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया. शिक्षकाने "डोळा म्हण" म्हटलं की ओळीचं यमक तुटतं आणि घरची भाषा चुकीची आहे असं मुलाच्या मनात बसतं. फळ्यावर जसं म्हटलं तसंच लिहा. उच्चार त्या घरातल्या मोठ्या माणसाकडून फोनवर एक-दीड मिनिटात रेकॉर्ड करून घ्या, आणि हे वर्गापुरतंच आहे, कुठे टाकणार नाही, असं सांगून. खरोखर टाकूही नका.

ओसरी
बोरूताईंना अनुमोदन. रेकॉर्ड करताना हेही विचारा : हे कधी म्हणतात, कोण म्हणतं, आणि कधी म्हणत नाहीत. काही गाणी पूजेची असतात, काही दुःखातली. तिसरा प्रश्न राहून जातो आणि मग स्वागतसमारंभात भलतंच गाणं गायलं जातं.

परिपाठ
वेगळी शंका. काही पालक देवाची गाणी नको म्हणतात, काहींना नात (पैगंबरांच्या स्तुतीची रचना) किंवा भीमगीत वर्गात आल्याचं खटकतं. मग सगळंच टाळून फक्त देशभक्तिपर गीतं घेणं बरं नाही का? भांडण नको.

ओसरी
सगळं टाळलं की वर्गात रोज म्हटली जाणारी प्रार्थना तेवढी उरते, आणि तीही कोणाची तरी असते. मग टाळलं कोणाचं?

संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे शासकीय पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अभंग, भारूड किंवा सूफी रचना गाणं म्हणून शिकवणं वेगळं आणि पूजा करवणं वेगळं. हा फरक वर्गातल्या मांडणीतून दिसला पाहिजे. हात जोडायला लावू नका, तसबीर-उदबत्ती नको, गोल बसा, रचना कोणाची आणि कधीची ते सांगा. भीमगीत शिकवताना वामनदादा कर्डक (१९२२-२००४) कोण होते आणि जलसे गावोगाव कशासाठी होत हेही सांगा. ज्या मुलाला शब्द म्हणायचे नसतील त्याला लय धरायचं काम द्या, आणि ते कमी दर्जाचं वाटू नये म्हणून ते काम आलटून-पालटून इतरांनाही द्या. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर राष्ट्रगीताला आदराने उभं राहून, पण न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढणं चूक ठरवलं होतं. मग अभंगासाठी जबरदस्ती कशी करणार?

हलगीचा_कडकडाट
+१. आणि सिनेमाची गाणीही लगेच हाकलू नका. भाषा वेगळ्या असलेल्या मुलांना एकत्र येणारी गाणी बहुधा तीच असतात. त्यांचा ताल केरवा की दादरा ते ओळखायला लावा. आठ मात्रा की सहा, टाळीवर मोजा.

बोरू
ओसरीताईंनी वर कामाच्या गाण्यांचं म्हटलंय, तिथे एक सुंदर जोड आहे. जात्यावरची ओवी मराठीत आहे आणि दखनीत चक्कीनामा आहे. विजापूर-गुलबर्ग्याकडच्या सूफी परंपरेतल्या या रचना बाया जात्यावर दळताना म्हणत. जातं तेच, फिरणं तेच. दोन घरं एका खुंट्याला धरून बसलेली.

करायचं कसं : जोड्या समोरासमोर, पाय पसरून. मधे एक वेताची किंवा पाइपची कडी, साधारण फूटभर रुंद. दोघांनी एकेका हाताने धरून फिरवायची. आधी दोन मिनिटं न गाता फक्त फिरवा, लय तिथून आपोआप येते. मग ओवीची पहिली ओळ. ओवीचे पहिले तीन चरण लांब आणि चौथा आखूड असतो. फिरवताना त्या आखूड चरणाला मुलं घाईत पुढे पळतात, तिथे कडी रिकामी फिरू द्यायची. जोड्यांत मुलगे हवेतच. "हे बायकांचं" असं कोणी म्हटलं तर तासभर भाषण न देता त्याच्याच हातात कडी द्या. ओव्या हव्या असतील तर पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात एक लाखाहून अधिक आहेत, काही आवाजासकट.

दूरदेशी
चक्कीनाम्याचं माहीत नव्हतं. मनापासून आभार, बोरूताई.

फळा_खडू
सगळं वाचून कच्चा आराखडा केला आहे, बघा. जून-ऑगस्ट, २० तास. पहिली पाच मिनिटं ठरलेला तालखेळ (टाळी, मांडी, पाय). मग गाणी : तांड्याची अंगाई, दखनी अंगाई, अहिराणी पावसाचं गाणं, ओवी, चक्कीनामा, कोळीगीत, तारपा, घुमट, भूपाच्या बाटल्या. शेवटी पालकांसमोर सादरीकरण.

तानपुरा
फार झालं. वीस तासांत नऊ गोष्टी म्हणजे प्रत्येकाला दोन तास. मूल गाण्याचं तोंड शिकेल आणि पुढे जाईल. तीन गाणी घ्या. एका गाण्याला सहा तास : पहिल्या तासाला फक्त ऐकणं, तीन वेळा, प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न देऊन (कोण गातंय? कुठे थांबतंय? कोणता शब्द परत येतो?). दुसऱ्या-तिसऱ्याला ओळी, चौथ्याला ठेका, पाचव्याला वाद्यं, सहाव्याला मुलांनी स्वतःची एक ओळ जोडायची. उरलेले दोन तास पावसात बुडतात असं धरून चाला.

तांडा
अंगाई, ओवी-चक्कीनामा जोडी आणि अहिराणी पाऊस, एवढंच ठेवा. कोळीगीत, तारपा, घुमट दिवाळीनंतर. वर्गात कोळी घर नाही म्हणून वगळायचं नाही, पण घरची आधी.

कानोसा
सादरीकरणाऐवजी पालकांनाच गोलात बसवा, कडी त्यांच्याही हातात द्या. मंच आला की माइक आणि स्पीकर येतात, आणि तुमची दोन मुलं त्याच दिवशी बाहेर पडतात.

फळा_खडू
मान्य. तीनच. चिठ्ठीचा मजकूर असा लिहितोय : "बाळाला झोपवताना तुमच्या घरी आई कोणतं गाणं म्हणते? मुलाला म्हणून दाखवा किंवा शाळेत येऊन ऐकवा." ठीक आहे?

ओसरी
"आई" काढा, "घरातलं कोणीही" लिहा. काही मुलं आजीकडे राहतात, काहींना आई नाही, आणि बाबाही अंगाई म्हणतात. शिवाय चिठ्ठी वाचता न येणारी घरं असतील, म्हणून तोच निरोप मुलांकडून वर्गात दोनदा तोंडी म्हणवून घ्या, मग पाठवा.